साडीखालचं स्वयंपाकघर

तळेगावच्या बाजारासाठी चवळीच्या शेंगांच्या जुड्या बांधत होते, तेवढ्यात पिपरी मेघ्याहून भाऊजींचा फोन आला. "तुमची बाई गेली," एवढंच म्हणाले. बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या होत्या आणि आदल्याच आठवड्यात मी तिच्या हातची चापट खाऊन आले होते...

आम्ही दोघींनी तळेगावात एका चुलीवर संसार केला. पुढे भाऊजींच्या नोकरीपायी ती दोघं वर्ध्याला, पिपरी मेघ्यात राहायला गेली, घरच्या महालक्ष्म्याही त्यांच्यासोबत गेल्या. दर भादव्यात बाई देवीपुढे वीतभर उंचीचा देखावा मांडायची. कधी आठवडी बाजार, कधी कापसाची वेचणी. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची दारं, आगपेटीची कपाटं, चिंध्यांची माणसं. बाकी सगळं खोटं चालायचं, अन्न मात्र खरं. "देवीपुढे खोटं अन्न ठेवत नाई," म्हणायची. ज्वारीची टिकलीएवढी भाकर ती त्याच दिवशी सकाळी तव्यावर भाजायची. मी नुसती बघत बसायची. शिकून घे म्हणाली की माझं ठरलेलं उत्तर, पुढच्या वर्षी. काय घाई होती!

यंदा तिनं आमचं तळेगावचं स्वयंपाकघर केलं होतं. आम्ही दोघी जेवायला बसलोय, असं. मी हट्टानं म्हटलं, बाई, मले जाडी केली असन तर पाहा! वर झाकलेल्या जुन्या साडीला हात घातला, तर फटकन चापट बसली. "काऊन घाई करून राह्यली? महालक्ष्म्या बसल्या का मंग पाहजो."

महालक्ष्म्या बसल्याच नाहीत. घरात सुतक. तेरवीनंतर सगळे म्हणाले, आता साडी काढू, बघू तरी. भाऊजी आडवे आले. देवीच्या आधी ती कुणालाच दाखवत नव्हती, पुढच्या वर्षी देवीपुढेच उघडू, म्हणाले. मला राग आला. तिनं मला कशी केली, एवढंच तर बघायचं होतं. मग ते हळूच म्हणाले, "ताटं रिकामी असतीन त्यातली. भाकर कोण करन?"

मी करीन म्हणाले आणि फसले. घरी रोज करून पाहते. थापताना फाटते, नाहीतर तव्यावर कोळसा होतो. बाई, तुमची कशी फाटत नव्हती हो... परवा एक अखंड उतरली. रुमालात गुंडाळून एसटीनं पिपरीला नेली. साडीपाशी उभी राहिले, हात पुढे गेला आणि आपोआप मागे आला.

भाकर भाऊजींना दाखवली. त्यांनी तळहातावर घेतली, खिडकीशी जाऊन उलटीपालटी करून पाहिली.

"कड जाड झाली," ते म्हणाले. "तिची पातळ राहे."