स्मारकातला झोपाळा

हवालदारकाकांना कुजबुजता येत नसे. नोकरी तोफखान्यात झालेली. समोरचा काय म्हणाला ते दोनदा विचारायचे आणि उत्तर द्यायचे ते पार बंदरावर ऐकू जाईल असं. अशा माणसाला आम्ही युद्धात पडलेल्या जवानांच्या स्मारक-बागेचा राखणदार नेमलं, आणि फाटकावर पाटी लावली : ‘शांतता राखा.’

काका झाडांनाही दम भरत. वाकड्या वाढणाऱ्या बकुळीला पाणी घालताना म्हणत, “सरळ ऱ्हा, परेड हाय.” बाग पुरी होत आली तसा त्यांनी हट्ट धरला, इथे पोरांसाठी झोपाळा हवा. मी समितीचा अध्यक्ष. स्मारकात दंगा शोभत नाही, असं सुनावलं.

“अध्यक्षसायेब, दगडावर नावं हायत ती पोरंच व्हती. त्यातला आमचा ल्योक दिन्या सुट्टीवर आला की आंब्यावरनं उतरत नव्हता. त्येला आता गप कशाला बसवताव?”

मी नाही म्हणजे नाही म्हणालो.

उद्घाटनाला पाहुणे उशिरा येणार होते. तोवर गाऱ्हाणं घाला, असं मीच काकांना सांगितलं. आपल्याकडे त्याशिवाय नारळ फुटत नाही. एकाने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा, आणि एकदा भरला की मागे फिरायचं नाही. काका दगडासमोर हात जोडून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, ही बाग हिरवी ऱ्हाऊ दे.”

“व्हय म्हाराजा.”

“पावण्यांची गाडी घाटात बंद नको पडू दे.”

“व्हय म्हाराजा.”

“आनि दिन्यासाठी हितं झोपाळा लागू दे, आमच्या अध्यक्षांच्या हातनं.”

“व्हय म्हाराजा.”

त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. जन्माची सवय, जिभेने मला विचारलंच नाही. पहिल्या रांगेत बायको पदर तोंडाला लावून हसून गदगदत होती.

झोपाळा लागला. पोरांचा असा कल्ला सुरू झाला की फाटकावरची पाटी आम्हीच लाजेने काढली. पुढे बाहेरगावचे लोक बाग बघायला येऊ लागले आणि ‘हसऱ्या स्मारकाचे शिल्पकार’ म्हणून शाली मला मिळत गेल्या. मी त्या घेतल्या. काका मागच्या खुर्चीवरून टाळ्या वाजवत. त्यांनी कधी तोंड उघडलं नाही, आणि मीही.

गेल्या वर्षी त्यांचे पाय गेले. एका संध्याकाळी लेकीने त्यांना रिक्षाने बागेत आणलं. पोरांना हटवून ते झोपाळ्यावर बसले आणि मला हुकूम सोडला, “अध्यक्ष, धक्का.”

मी धोतर सावरून जोर लावला. काकांनी अशी आरोळी ठोकली की झाडावरचे कावळे उडाले. महिन्याभरात ते गेले.

त्या झोपाळ्यात माझा हातभार तेवढाच, तो एक धक्का.