गुल्लिकची वीस काडतुसं

गुल्लिक बाक्केरुद ज्या खोलीत काडतुसं भरतो ती पूर्वी दुधाची खोली होती. गाई विकून तीस वर्षं झाली, तरी फरशीवर कॅन ठेवायचे गोल डाग अजून आहेत. ते मी पहिल्यांदा पाहिले या ऑगस्टमध्ये. त्याआधी बावीस वर्षं शेजारी राहूनही त्या दाराच्या आत माझं पाऊल पडलं नव्हतं. कुणाचंच पडलं नव्हतं. रिकाम्या पितळी पुंगळ्या पिशवीत घालून दाराच्या खिळ्याला अडकवायच्या, चिठ्ठीवर नाव आणि बंदूक लिहायची. आठवड्याभरात गुल्लिक भरलेला डबा स्वतः घरी आणून देणार, पायरीवर उभा राहूनच एक कॉफी पिणार, साखरेचा खडा दातात धरून, आणि निघून जाणार.

नूमेडाल खोऱ्याच्या आमच्या टोकाला निम्मे शिकारी त्याचीच काडतुसं वापरतात. साडेसहा मिलिमीटरची, आमच्या आजोबांच्या फौजेतली जुनी जात. गुल्लिकने एकेचाळीस वर्षं लाकूडगिरणीत करवतींना धार लावली. लोक सांगतात की तो डोळे मिटून दाताला बोट लावायचा आणि कुठला दात केसभर उंच आहे ते सांगायचा. लोक कौतुकाने सांगतात. मला त्यातलं ‘डोळे मिटून’ तेवढं खटकायचं.

कारण मी औषधाच्या दुकानात काम करते. फार्मसी शिकले तेव्हापासून दुसऱ्याने मोजलेल्या कशावरही माझा चटकन विश्वास बसत नाही. गुल्लिक रक्तदाबाच्या औषधासाठी दुकानात येतो. मागच्या हिवाळ्यात तीनदा आला आणि तिन्ही वेळा म्हणाला, “चष्मा घरी राहिला, तूच वाच.” तिसऱ्या वेळी चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता. मी वाचून दाखवलं. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, “एयोल्फ, या माणसाला दिसत नाही.”

“अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे तो,” एयोल्फ म्हणाला. “तुला या वयात दिसेल?”

“मी या वयात बंदुकीची दारू मोजणार नाही.”

“तू आता पन्नाशीत माझ्या ताटातलं मीठ मोजतेस,” असं म्हणून तो लाकडं फोडायला गेला.

विषय तिथे संपलाही असता. पण सासरे वारले आणि त्यांची जुनी फौजी क्राग बंदूक, काडतुसांच्या डब्यासकट, आमच्या ओस्नेकडे आली. ओस्ने अठरा वर्षांची. या सप्टेंबरअखेर तिला पहिल्यांदा एल्क हरणाच्या शिकारीला, मोठ्यांच्या टोळीत, स्वतःच्या जागेवर एकटीने बसायचं होतं. त्याआधी पाच गोळ्यांची सरकारी परीक्षा, आणि परीक्षेआधी सराव. क्राग शंभर वर्षांहून जुनी आहे. तिची नळी उत्तम, पण खटका, म्हणजे काडतूस आत कोंडून धरणारा दांडा, नाजूक. नव्या बंदुका जो दाब हसत सोसतात तो तिला सोसत नाही. तो खटका माझ्या मुलीच्या उजव्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असतो.

सरावाच्या मैदानावर पहिल्या दोन गोळ्या नीट गेल्या. तिसऱ्या गोळीचा आवाज मला कोरडा वाटला. ओस्नेने खटका उचलायला हात घातला तर तो हलेना.

“अडकला,” ती म्हणाली.

“तुझे हात लोण्याचे आहेत,” एयोल्फ म्हणाला, आणि तळहाताने खालून ठोसा देऊन त्याने खटका उघडला. पुंगळी बाहेर पडली. तो हसत होता, मग थांबला. मी ती उचलली. बुडाच्या मध्ये जी छोटी टोपी असते, जिच्यावर ठिणगी पडते, तिच्या कडा गोलसर असायला हव्यात. हिची टोपी जास्त दाबाने, दगडाने ठेचल्यासारखी, सपाट झाली होती. आधीच्या दोन्ही पुंगळ्यांच्या टोप्या गोल होत्या.

“आणखी एक मारून बघते,” ओस्ने म्हणाली.

“बंदूक खाली ठेव.”

“आई, सगळे बघतायत.”

“बघू देत.”

त्याच दुपारी डबा घेऊन मी गुल्लिकच्या दाराशी गेले. दार आतून बंद. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मग फटीएवढं दार उघडलं.

“पिशवी खिळ्याला लाव,” तो म्हणाला.

“पिशवी नाही आणली. हे आणलंय.” मी ती सपाट टोपीची पुंगळी त्याच्या हातात दिली.

त्याने ती पाहिली नाही. अंगठ्याने बुडावरून हात फिरवला, एकदा, दोनदा. चेहरा उतरला. “पोर बरी आहे?”

“नशिबाने.”

“आत ये.”

खोलीत एकच खिडकी होती आणि टेबल तिला चिकटून होतं. टेबलावर दारूचा एकच डबा, बाकीचे सगळे कुलपात. लाकडाच्या फळीत भोकं पाडून पन्नास पुंगळ्या उभ्या केल्या होत्या, तोंडं वर. जुना हातमापाचा तराजू होता आणि तराजूवर बशीएवढं भिंग, दिव्यासकट. ते भिंग मी आल्यावर त्याने हळूच फडक्याने झाकलं. मी पाहिलं ते त्यालाही कळलं.

“किती उरलीत?” त्याने विचारलं.

“सत्तावीस. तीन उडवली.”

“म्हणजे तीस.” तो स्टुलावर बसला. “मी वीस दिली होती.”

मला वाटलं, आलंच हे. एका महिन्यात डोळे, दुसऱ्यात आठवण. “गुल्लिक, डबा तुझा आहे. सासऱ्यांना तूच आणून दिला होतास. तुला आकडा आठवत नसेल.”

“मी क्रागसाठी कधीच वीसच्या वर भरत नाही. तुझ्या सासऱ्याला वर्षाला वीस पुरायची.” त्याचा आवाज आता थंड झाला होता. “मध्ये डबा कुणाकडे होता? पोरीचे मित्र येतात घरी. त्यातला एखादा स्वतःची भरत असेल.”

“माझ्या मुलीने कुणालाही हात लावू दिलेला नाही.”

“आया असंच म्हणतात.”

“आणि म्हातारे म्हणतात की आम्ही कधी चुकत नाही.”

तो उठला. दोघंही एकमेकांकडे चोराकडे पाहावं तसं पाहत होतो. मग त्याने खणातून पितळेचा एक तुकडा काढला. त्यात कानशीने कोरलेली एक खाच होती. “ही मीच केलीये. क्रागचं काडतूस हिच्यात टोकापासून बुडापर्यंत घट्ट बसतं. बाकी कुठलंही बसत नाही. दे एकेक.”

मी एकेक देत गेले. तो खिडकीकडे तोंड करून, बोटांनीच, प्रत्येक काडतूस खाचेत बसवून पाहत होता. बसलं की डावीकडे. सहावं बसलं नाही. टोक खाचेच्या बाहेर राहिलं, नखाएवढं. उजवीकडे. सगळी संपली तेव्हा डावीकडे अठरा होती आणि उजवीकडे नऊ.

“अठरा आणि उडवलेली दोन,” तो म्हणाला. “माझी वीस. ही नऊ आणि तुझी सपाट टोपी, अशी दहा. पण हीही माझीच आहेत.” उजवीकडचं एक त्याने अंगठ्यावर घोळवलं. “ही ओलावच्या दुसऱ्या बंदुकीसाठी, माउझरसाठी भरलेली, जास्त दाबाची. त्या बंदुकीला चालतात. क्रागला नाही. माउझरची लाकडी पेटीत होती, सरकत्या झाकणाच्या.”

ओलाव म्हणजे माझे सासरे. त्यांची माउझर एप्रिलमध्ये विकली. बंदुकांचं कपाट मीच आवरलं होतं. सरकत्या झाकणाची पेटी अर्धी रिकामी होती, झाकण तुटलेलं. मी चष्मा लावून बुडावरचा आकडा वाचला, डब्यातल्यांच्याही बुडावरचा वाचला. दोन्हीकडे तोच. मग पेटी डब्यात ओतली आणि पेटीचं लाकूड शेकोटीत घातलं. दुकानात दोन बाटल्यांतलं औषध असं एकत्र करणाऱ्या मुलीला मी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. घरात मात्र ते आवरणं होतं.

मी हे त्याला सांगितलं. खूप वेळ लागला सांगायला.

त्याने मान हलवली. रागावला नाही, हसलाही नाही. “आकडा पुंगळीचा असतो, पोरी. आत काय आहे ते पुंगळी सांगत नाही. मी पेटीवर लिहायला हवं होतं. लिहिलं नव्हतं.”

“का?”

त्याने झाकलेल्या भिंगाकडे पाहिलं. मी फडकं उचललं. भिंगाखाली तराजूच्या पट्टीवरच्या रेघा केसासारख्या बारीक होत्या. मी त्याच्यापुढे एक माप धरलं. “हे किती आहे, वाच.”

“वाचता येतं मला.”

“वाच मग.”

त्याने भिंग पुढे ओढलं, मागे ढकललं, मान तिरकी केली. डाव्या डोळ्याने पाहिलं, उजव्याने पाहिलं. “प्रत्येक माप मी तीनदा घेतो,” तो शेवटी म्हणाला. “तिन्ही वेळा सारखं आलं तरच ओततो. एका डब्याला पूर्वी एक दुपार जायची, आता तीन दिवस जातात. म्हणून दार बंद ठेवतो. दोन वर्षं झाली.”

म्हणजे माझा संशय खरा होता आणि चूक माझीच होती. या दोन गोष्टींचं एकाच वेळी काय करायचं ते मला कळेना.

“सगळी फोडू,” तो म्हणाला. “चांगली अठराही. एकदा शंका आली की ते काडतूस राहत नाही, नुसतं पितळ होतं. आणि शनिवारच्या परीक्षेसाठी बंदुकीच्या दुकानातली आण. मला वाईट वाटणार नाही.”

“दुकानातल्यांवर क्राग नेम धरेल?”

“थोडी वर मारेल. नळी जुनी आहे, लांब बोथट गोळीवर वाढलीये. पोरीला सवय करावी लागेल. चार दिवसांत होते का ते बघ.”

मी घरी जाऊन विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. विचार तिथेच झाला. दुकानातल्या खोक्यावर ज्याने माप घेतलं त्याचं नाव नसतं. मी त्याला ओळखत नाही, त्याचे डोळे कधी तपासले ते मला माहीत नाही. गुल्लिकचे मला माहीत होते. आणि माझे स्वतःचे त्याहून जास्त.

“बोटं तुझी, डोळे माझे,” मी म्हटलं. “पट्टी मी वाचणार.”

“या खोलीत बाई कधी आली नाही.”

“गाई येत होत्या की.”

“गाई गोठ्यात असायच्या. इथे दूध यायचं,” तो म्हणाला, पण त्याने दुसरं स्टूल ओढलं.

हातोडीसारख्या अवजारात काडतूस अडकवून तो लाकडावर आपटायचा, गोळी बाहेर, दारू वेगळ्या वाटीत. सत्तावीस वेळा. जुनी दारू त्याने परत वापरली नाही, अंगणात पातळ पसरून जाळली. दुसऱ्या दिवशी फळीतल्या पन्नास पुंगळ्या नव्याने भरायला बसलो. तो मापाने ओतायचा, मी आकडा वाचायचे, तो मोठ्याने तोच आकडा म्हणायचा, मगच पुंगळीत. दहाव्या वेळी मी मुद्दाम चुकीचा आकडा वाचला. त्याचा हात जागीच थांबला.

“परत वाच.”

मी बरोबर वाचला.

“माझी परीक्षा घेतेस?”

“हो.”

“घे,” तो म्हणाला. “ओलावने चाळीस वर्षांत एकदाही घेतली नव्हती. घ्यायला हवी होती.” नंतर त्याने पन्नासही पुंगळ्यांत दिव्याने डोकावायला मला लावलं, दारू सगळ्यांत एका उंचीवर आहे का ते बघायला. ते झाल्यावरच गोळ्या बसवल्या.

परीक्षेआधी गुरुवारी त्यातल्या तीस सरावात उडाल्या. खटका दर वेळी दोन बोटांनी उघडला. शनिवारी गुल्लिकही मैदानावर आला होता, एयोल्फशेजारी हात मागे बांधून उभा. ओस्नेने पाचही गोळ्या वर्तुळात मारल्या. परीक्षकाने कागदावर सही केली. बाकीचे तिच्या पाठीवर थापा मारत होते, आणि मी गवतात वाकून पुंगळ्या गोळा करत होते, एकेकीचं बूड उन्हाकडे धरून.

“आई, मी पास झाले,” ओस्ने म्हणाली. “वर बघ जरा.”

“बघते. दोन मिळायच्यात.”

गुल्लिक जवळ आला. “झालं समाधान?”

मी पाचवी टोपी पाहिली. गोल होती. “नाही,” मी म्हटलं.

“मग सोमवारी ये,” तो म्हणाला. “हान्सेनांची चाळीस भरायचीत. समाधान झालं की सांग, त्या दिवसापासून तुला खोलीत घेणार नाही.”