मावशीचं मत

इतवारीमागच्या आमच्या विणकरांच्या गल्लीत मतमावशी कोणाच्याही दारात उभी राहिली की आधी एकच विचारायची, "मत देशील नं? कोणाले ते सांगू नको." सणवार असो की कोणाकडे बारसं, तिचा प्रश्न चुकायचा नाही. तिचं खरं नाव सखूबाई. मी लग्न होऊन शेजारच्या घरात आले, तेव्हा कितीतरी दिवस मला ते कळलंच नव्हतं.

नवरा तरुणपणीच गेलेला. मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि त्यावर पोट चालवायची. शहरातल्या काही वकील-मास्तरांनी निवडणुका स्वच्छ व्हाव्यात म्हणून समिती काढली, तिची एक सभा आमच्या चौकात झाली. ती मंडळी पुढं आपापल्या कामाला लागली. मावशी मात्र ते व्रत घेऊनच बसली. मी चिडवायचे, "मावशी, तुम्हीच उभ्या राहा." ती म्हणायची, "उभे राहणारे लय आहेत वं. पाहणारं कोणी नाही."

एका वर्षी उमेदवाराच्या बायकोनं हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून स्टीलचे डबे वाटले. कुंकू लावून घेतलं, आता त्यालाच मत दिलं पाहिजे, असं बायकांना अगदी मनापासून वाटू लागलं. मावशी दारोदार सांगत सुटली, "वाण घेतलं तं घेतलं. मत त्याच्यात बांधलं नाही." एकीनं तोंडावर ऐकवलं, "तुमाले बोलावणं नव्हतं नं, म्हणून पोटात दुखून राहिलं." विधवेला असं बोलणाऱ्या त्या बाईचा मला आजही राग येतो. मावशीनं पदर सावरला आणि ती पुढच्या दारात गेली.

त्याच धावपळीत तिला ताप भरला. मतदानाच्या दिवशी ऊन उतरल्यावर माझ्या खांद्याचा आधार घेत ती केंद्रावर आली. अधिकारी यादी बघून म्हणाला, "बाई, तुमचं मत पडलं आहे." मावशीनं शाई नसलेलं बोट पुढं केलं. त्या बिचाऱ्यानं नियमाप्रमाणे दुसरी मतपत्रिका दिली, पण ती पेटीत नाही, वेगळ्या लिफाफ्यात गेली. "हे मोजतात का जी?" तिनं विचारलं. तो खाली बघत "नाही" म्हणाला.

घरी येऊन टेकलो तोच मागच्या खोलीतली गंगू आली. उमरेडकडून नुकतीच आलेली, यादीत नाव नसलेली. रेशनची साखर असो की रॉकेल, आमच्या गल्लीत एकमेकींचं आणायची रीतच होती. गंगूनं शाईचं बोट कौतुकानं दाखवलं. "मावशी, पार्टीचा पोरगा म्हणे, तुमी तापानं पडून आहा, तुमच्या नावानं मी देऊन यावं. त्यानं सांगितलं तिथं शिक्का मारला. तुमचं मत वाया नाही जाऊ दिलं."

माझा हात उठणारच होता. मावशीनं तो धरला. "पुढं माझ्या नावानं देऊ नको, पोरी. तुझं नाव लावून घेऊ," एवढंच ती बोलली. गंगू गेल्यावर मात्र ढसाढसा रडली. "चोरानं नेलं असतं तं मी भांडली असती वं. आता कोणाशी भांडू?"

बरी झाल्यावर तिनं गंगूला कचेरीत नेऊन तिचं नाव लावलं. पुढची निवडणूक काही मावशीला दिसली नाही. यादीत तिचं नाव मात्र तसंच राहून गेलं होतं, आणि मतदानाच्या सकाळी तोच पार्टीवाला पुन्हा गंगूच्या दारात आला. म्हातारी गेली तरी नाव आहे, म्हणाला.

"तिनं मले नको म्हणून सांगितलं आहे," गंगू म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग आतून तिचं रडणं ऐकू आलं, आणि अंगणात उभ्या उभ्या मलाही रडू आवरेना.