‘करणारा’ म्हणजे कोण

आमचा खेळ रविवारी दुपारी जळगावात एका दंतवैद्याच्या दवाखान्यात चालायचा. रविवारी पेशंट नसतात, एसी असतो आणि वेटिंग रूममध्ये मोठं टेबल मावतं, एवढ्याच कारणांनी ती जागा ठरली होती. खेळ म्हणजे पट किंवा पत्ते नव्हेत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र आता काय करणार ते तोंडाने सांगतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. फाशांनाही ज्याचं ऐकावं लागतं असं एक जाडजूड इंग्रजी नियमांचं पुस्तक असतं.

गोष्ट डॉक्टर सांगायचे. मी इथल्या कोर्टात वकिली करते. खेळात मी चोर होते, आणि यावरचे सगळे विनोद पहिल्याच महिन्यात करून झाले होते. बियाण्यांचं दुकान मुलाकडे सोपवून मोकळे झालेले नाना जामनेरहून यायचे, ते तिरंदाज. उरलेले दोघे धुळ्याचे नवरा-बायको. त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं, ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. खेळात तो मांत्रिक आणि ती लोहारीण. दोघं एकाच गाडीतून यायचे, येताना गाडीतच पुढच्या लढाईचे बेत करायचे आणि दारातून आत येईपर्यंत त्यावर भांडत असायचे. ते भांडण आम्हाला करमणुकीचं वाटायचं.

गोष्टीत आमच्या वाटेवर एक खिंड होती. तिथल्या वाऱ्यात कुठलीही ज्योत टिकत नसे आणि उजेडाशिवाय पलीकडे जाता येत नसे. तेव्हा वाऱ्याने न विझणारा कंदील करायचं ठरलं. जादूची वस्तू कशी करायची याचे नियम पुस्तकात दीड पानात आहेत आणि ते लिहिणाऱ्याने बहुधा घाईत लिहिले आहेत. त्यांचा मथितार्थ असा: करणाऱ्याला ती वस्तू घडवता आली पाहिजे, तिच्यात भरायचा मंत्र आला पाहिजे आणि काम संपेपर्यंत त्याने ते सोडता कामा नये. सोडलं तर सामग्री वाया जाते.

घडवण्याची कला लोहारणीकडे, मंत्र मांत्रिकाकडे. डॉक्टर म्हणाले, “दोघं मिळून एक करणारा धरू.” कुणी हरकत घेतली नाही. नवरा-बायकोच होते.

काम सुरू झालं. भट्टी लागली, काच वितळली. मग सलग काही रविवार ते दोघे आले नाहीत. दुकानाचं काम आहे, परीक्षा आहेत, असे निरोप यायचे. एका सकाळी मी कोर्टात निघाले असताना तिचा फोन आला.

“ताई, मी भुसावळला आईकडे आलेय. आता धुळ्याला परत जाणार नाही.”

मी बरं म्हटलं. कारण विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिने कायद्यातलं काही विचारलं तेव्हा मी सांगितलं की मी दोघांनाही ओळखते, त्यामुळे कुणाचंच वकीलपत्र घेणार नाही. आणि भुसावळच्या एका ओळखीच्या वकिलांचा नंबर दिला. पुढच्या आठवड्यात त्याने विचारलं तेव्हा त्यालाही तेच उत्तर दिलं. हे प्रकरण माझ्यापुरतं तिथे संपलं असं मी धरून चालले.

त्यानंतरच्या रविवारी दोघंही खेळायला आले. तो धुळ्याहून गाडीने, ती भुसावळहून रेल्वेने. एकमेकांना ते अपेक्षित नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं, पण परत कुणीच गेलं नाही. डॉक्टरांनी फासे वाटले आणि गोष्ट जिथे थांबली होती तिथून सुरू केली.

तो डॉक्टरांकडे बघून म्हणाला, “माझा मांत्रिक काम सोडतोय. तो पश्चिमेला जाणार.”

तीही डॉक्टरांनाच म्हणाली, “जाऊ दे. भट्टी माझी आहे. कंदील मी पुरा करीन.”

“मंत्राशिवाय?”

“मंत्र आतापर्यंत रोज भरलाच आहे की. बराचसा भरून झालाय.”

“बराचसा असं काही नसतं,” तो म्हणाला. “एक तर पूर्ण असतो, नाहीतर नसतो.”

नाना कागदावर आपल्या तिरंदाजाचे बाण मोजत बसले. डॉक्टर पुस्तकाची पानं उलटून थकले आणि त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. “वकीलबाई, तुम्ही सांगा. काम पुढे चालतं की बाद होतं?”

मी ते दीड पान तिथेच वाचलं, पुन्हा वाचलं, आणि निकाल राखून ठेवते म्हणाले. पुस्तक घरी नेलं.

प्रश्न ‘करणारा’ या एका शब्दाचा होता. पुस्तकात तो एकवचनी आहे. एकवचनात अनेकवचन येतं हा आमच्या धंद्यातला जुना दंडक, त्यामुळे दोघं मिळून ‘करणारा’ होऊ शकतात, हे डॉक्टरांचं म्हणणं टिकत होतं. पण मग त्यातला एक गेला तर उरलेला ‘करणारा’ राहतो का? औषधी लेपाच्या नियमात, मंत्र दुसऱ्याकडून घेता येतो असं एक वाक्य आहे. ते कंदिलाला लावता आलं असतं, तर तिची सोय होत होती. पण लेपासाठी वेगळं वाक्य लिहिलं, याचाच अर्थ इतर वस्तूंना ते लागू नाही. आठवडाभर अशिलांची कागदपत्रं बाजूला सारून मी हा विचार करत होते, हे मला थोडं विचित्रही वाटलं.

त्या आठवड्यात दोघांचेही फोन आले. तो म्हणाला, “ताई, लेपाचं वाक्य बघितलं का? ते कंदिलाला लागत नाही.” तिने विचारलं, “ताई, लेपाचं वाक्य लागेल ना?” दोघांनी आपापल्या घरी बसून पुस्तकातली तीच ओळ शोधली होती. घटस्फोटाबद्दल दोघंही अवाक्षर बोलले नाहीत.

रविवारी मी निकाल सांगितला. दोघं मिळून करणारा होतात. म्हणून दोघांपैकी कुणीही सोडलं तरी काम सुटलं असंच होतं आणि सामग्री वाया जाते. लेपाचं वाक्य इथे लागत नाही. मात्र करणाऱ्यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे किंवा एका घरात राहिलं पाहिजे असं नियमात कुठेही नाही. डॉक्टरांना हा अर्थ बदलायचा असेल तर तो त्यांचा अधिकार.

“मला बदलायचा नाही,” डॉक्टर म्हणाले.

मग तिने पहिल्यांदा त्याच्याकडे बघून विचारलं, “किती राहिलंय?”

“थोडंच.”

“मग कर ना पुरं.”

“करतो,” तो म्हणाला. “मग जातो.”

ती दुपार मला नीट आठवते. मांत्रिक आणि लोहारीण काम करत असताना त्यांनी काय केलं ते बोलूनच सांगावं लागतं. खेळच तसा आहे. “भाता हळू चालव, काच पातळ आहे.” “चालवतोय.” “आता मंत्र म्हण.” “थांब, आधी काचेभोवतीची तार बसू दे.” आवाज सपाट होते, कामापुरते. काचेला तडा जाईल का हे ठरवायला त्याने फासा टाकला, आकडा बेताचाच पडला. तिने आपल्या लोहारकामाचे गुण त्यात मिळवले आणि काच टिकली. कंदील झाला.

“आते हाऊ कंदील कोना शे?” नानांनी अहिराणीत विचारलं. ते मूळचे धुळ्याकडचे. कंदील आता कुणाचा, हा त्यांचा प्रश्न सरळ होता.

“मला नको,” ती म्हणाली.

“मलाही नको.”

म्हणून तो माझ्या चोराकडे आला. डॉक्टरांनी मांत्रिकाला पश्चिमेच्या रस्त्याला लावलं, आणि तिथून पुढे त्या माणसाला गोष्टीत काही काम उरलं नाही. तो उठला, चपला घातल्या, नानांच्या पाया पडला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा ती फासे डबीत भरत होती, आणि बराच वेळ भरत राहिली.

त्यांचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. कशामुळे, ते मला अजूनही माहीत नाही. आम्ही खिंड ओलांडली. तिला भुसावळजवळच नोकरी मिळाली आणि ती दर रविवारी येते. आता भांडण नानांशी घालते.

मागच्या हिवाळ्यात एका कामासाठी धुळ्याला गेले होते. दुपारी शेवभाजी खायला बसले तर तो शेजारच्या टेबलावर. ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. आम्ही कुठवर पोहोचलो ते विचारलं, मी सांगितलं, त्याने लक्षपूर्वक ऐकलं. तिच्याबद्दल “बरी आहे ना?” एवढंच.

मग म्हणाला, “मीपण इथे खेळ चालू केलाय. शेजारचा मेडिकलवाला आणि बँकेतली दोघं. गोष्ट मी सांगतो. आमचा राक्षस अहिराणी बोलतो.”

“नियम कोण बघतं?”

“कुणीच नाही,” तो म्हणाला. “वाद झाला की मी म्हणेन ते.”

एवढ्यात त्याचा फोन वाजला. साक्रीचं गिऱ्हाईक क्लच प्लेटसाठी दुकानात येऊन थांबलं होतं. त्याने उभ्याउभ्याच भाकरीचा शेवटचा तुकडा संपवला, माझं बिल मला देऊ दिलं नाही, आणि गेला.