हौ आणि काहून

मध्य प्रदेशात बालाघाटला आमच्या अभ्यासकेंद्रात बी.एड.चा वर्ग रविवारी भरायचा. आठवडाभराची लेखी चर्चा इंटरनेटवरच्या फळ्यावर चाले. सगळे सायबर कॅफेत जाऊन लिहीत. राजेगावकडून येणारे एक शिक्षक वर्गात मागे, खिडकीशी बसत. काहीही विचारलं तरी मान हलवून म्हणत, "हौ."

फळ्यावर मात्र हा माणूस वेगळाच असे. 'मुलांना धाक हवाच' असं कुणी तोऱ्यात लिहिलं, की खाली 'का?' विचारणारा यांच्या बोलीतला एकच शब्द उमटे: 'काहून?' हिंदीत लिहिणारे आधी वैतागले, मग उत्तर शोधता शोधता मनापासून लिहू लागले. पुढे तेही एकमेकांना 'काहून' विचारू लागले.

एकदा मी म्हटलं, "हे वर्गात विचारा ना."

ते लाजले. "तोंडानं विचारलं त भांडण वाटते, सर. लिहून विचारलं त समोरचा बसून विचार करते."

त्या चर्चेला परीक्षेत गुण नाहीत म्हणून केंद्रानं फळा बंद केला. रविवारी मी वर्गात तसं सांगितलं आणि खिडकीकडे बघत थांबलो. निदान आज तरी त्यांनी विचारावं, असं फार वाटत होतं.

त्यांनी मान हलवली. "हौ, सर."