टाळ्या वाजवायचं सोडलेला माणूस

मधुकर ओव्हाळ गेल्याचं मला त्याच्या घरून कळलं नाही. मोटार शर्यतींच्या देशपातळीवरच्या संघटनेने काढलेल्या शोकसंदेशातून कळलं. फोनवर आलेल्या त्या चित्रात मधुकर गडद निळ्या ब्लेझरमध्ये होता, खिशावर सोनेरी बिल्ला, मागे ढग आणि ढगांतून धावणारी एक लाल रेसिंग कार. खाली लिहिलं होतं, 'जागतिक मोटर क्रीडाक्षेत्रातील सुधारणांचे शिल्पकार'. मला वाटलं, याला पुन्हा कसला तरी पुरस्कार दिलेला दिसतो. मग कोपऱ्यातली पांढरी फुलं दिसली. मी शालनवहिनींना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हो भावजी, सकाळी गेले. डॉक्टर अजून कागद लिहितायत... आणि त्यांचं छापूनसुद्धा झालं?"

या माणसाच्या आयुष्यात संघटनेने वेळेवर केलेलं हे बहुधा एकमेव काम.

मधुकर देहूरोडचा. लष्कराच्या वाहन डेपोत लागला आणि अधिकारी होऊन निवृत्त झाला. मग लोणावळ्यात लहानसं घर बांधून राहिला. आमची ओळख भांडणातून झाली. मी तळेगावच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत असे, म्हणजे जे कुठे घडत नाही ते मुलांना समजावून सांगत असे. एका रविवारी पवना धरणाच्या बाजूने स्कूटरवरून येत असताना एका वळणावर इस्त्रीच्या कपड्यातला एक उंच माणूस आडवा आला. पुढचा रस्ता शर्यतीसाठी बंद होता. मी जरा आवाज चढवून म्हटलं, "मी प्राध्यापक आहे. मला जाऊ द्या." तो म्हणाला, "गाडीला ते कळत नाही, मास्तर." मी झाडाखाली थांबलो. त्याने थर्मासमधला चहा दिला आणि दुपारपर्यंत मला रॅली म्हणजे काय ते ऐकवलं. पुढे तो मला कायम मास्तरच म्हणायचा. तो नम्र वगैरे मुळीच नव्हता, हे आता शोकसभांमधून ऐकायला मिळणार नाही म्हणून लिहून ठेवतो. त्याला मान आवडायचा, व्यासपीठ आवडायचं आणि तो ब्लेझर तर फारच. देहूरोडला जयंतीच्या कार्यक्रमाची सगळी व्यवस्था वर्षानुवर्षं त्याच्याकडे असायची. कुणाच्या शेजारी कुणाची खुर्ची, हार कोणी घालायचा, कुणाच्या भाषणानंतर सभेने उठून उभं राहायचं, यात त्याची चूक झाल्याचं मी पाहिलं नाही. ते शिक्षण त्याला पुढे महागात पडलं.

मावळातल्या त्या रॅलीत मधुकर झिरो कार चालवायचा. म्हणजे स्पर्धेच्या गाड्या सोडण्याआधी रस्ता मोकळा आहे ना हे बघत पुढे जाणारी गाडी. दर वळणावर एक मार्शल असतो. आपल्याकडे तो बहुधा जवळच्याच वाडीतला कुणीतरी असतो, टोपी आणि जेवणाच्या पाकिटावर दिवसभर उन्हात उभा राहणारा. मधुकरने या मंडळींना एक पद्धत लावून दिली होती. झिरो कार पुढे गेली की मार्शलने आपल्या वळणावर दोन्ही बाजूंनी नजर टाकायची आणि सगळं ठीक असेल तरच गुंडाळलेला हिरवा झेंडा डोक्यावर धरायचा. मधुकर पुढे जाऊन थांबायचा आणि आरशात बघायचा. झेंडा दिसला तर पुढे. एका जरी वळणावर झेंडा वर गेला नाही, तर तो वायरलेसवरून सुरुवातीच्या ठिकाणी कळवायचा, आणि मंत्री येवो की संत्री, गाडी सुटायची नाही. "मास्तर, तुमची लोकशाही ती ही," तो मला डिवचायचा. "शेवटच्या वळणावरचा माणूस नाही म्हणाला की सगळं बंद." ही सवय घरीही होती. अंगणातली जुनी जीप रस्त्यावर मागे घ्यायची असली की शालनवहिनींनी फाटकाशी उभं राहून हात वर करायचा. त्याशिवाय हा पठ्ठ्या गाडी चालूच करायचा नाही. वहिनी म्हणायच्या, "लग्नात फोटोवाल्याने हात वर केला होता, तेव्हापासून ह्यांना कुणीतरी हात वर केल्याशिवाय काही सुचतच नाही."

लोहगडवाडीचा सोपान या मार्शलांपैकी. गडाच्या पायथ्याशी त्याचं आणि त्याची बायको हिराबाई हिचं भजी-चहाचं दुकान. एका वर्षी त्याच्या वळणावर, बाहेरच्या बाजूला, सहलीला आलेले बरेच लोक फोन उंचावून उभे होते. झिरो कार गेली, सोपानने झेंडा वर केला नाही. तो लोकांना मागे ढकलत होता. मधुकरने आरशात हे बघितलं आणि वायरलेसवर कळवलं, गाडी सोडू नका. पण सुरुवातीच्या ठिकाणी प्रमुख पाहुणे झेंडा हातात घेऊन उभे होते, बँड वाजत होता, टीव्हीवाले तयार होते. आयोजक म्हणाले, एवढ्यात हटतील लोक. पाहुण्यांनी झेंडा खाली आणला... वळणावर गाडी घसरली तेव्हा बाकीचे लोक मागे झाले होते, कारण सोपान पुढे होता. तो जागीच गेला.

चौकशी झाली. ती आयोजकांनीच नेमली होती, कारण आयोजक हेच देशाच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि पंचही त्यांनीच नेमलेले. चौकशीत निघालं की संबंधित मार्शलने प्रेक्षकांना वेळीच हटवलं नाही. मधुकर हे सांगायला लोहगडवाडीला गेला, तेव्हा मी बरोबर होतो. हिराबाई चुलीपुढून उठली नाही.

"भाऊ, झेंडा वर न्हवता ना?"

"नव्हता."

"तुमी बघितलं ना आरशात?"

"बघितलं, हिराबाई."

"मंग गाडी सुटली कशी?"

राज्यशास्त्राच्या कुठल्याही पेपरात मी इतका सरळ प्रश्न काढला नाही. मधुकरची पुढची सगळी वर्षं या प्रश्नाच्या उत्तरात गेली. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. गाडी सोडायची की नाही हे ठरवणारा माणूस आयोजकाने नेमता कामा नये, आणि आयोजकाला त्याला काढताही येता कामा नये. देशाच्या संघटनेकडून हे होणार नव्हतं. आपल्याच हातातली दोरी कोण कापतो? पण रॅली आंतरराष्ट्रीय दर्जाची असल्यामुळे तिचे नियम जागतिक संघटना करते. तिथे नियम झाला तर इथे पाळावाच लागणार होता. म्हणून मधुकरने परीक्षा दिल्या, पंच झाला, परदेशी शर्यतींवर गेला, त्या ब्लेझरमध्ये शिरला. शेवटी जागतिक सभेला प्रतिनिधी कोण यावरून इथल्या दोन गटांत जुंपली, आणि दुसऱ्याचा माणूस नको म्हणून दोघांनी मधुकरला होकार दिला. चांगली माणसं बहुतेक अशीच वर जातात.

तेव्हा जागतिक संघटनेत नुकतेच नवे अध्यक्ष निवडून आले होते, अर्थात सुधारणांच्या घोषणेवर. जुन्यांनी सगळी सत्ता स्वतःकडे ठेवली होती, ही त्यांची तक्रार. निवडून आल्यावर त्यांनी ती सत्ता पारदर्शकपणे स्वतःकडे घेतली. मधुकरचा मात्र त्यांच्यावर विश्वास होता. ठरावाचं इंग्रजी आम्ही दोघांनी त्याच्या ओट्यावर बसून घासूनपुसून नीट केलं. मी म्हटलं, फार आशा ठेवू नकोस. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही सुरुवातीच्या रेषेवरच लाल झेंडा घेऊन बसता."

सभेत काय झालं ते त्याने परत आल्यावर मला फक्त एकदाच सांगितलं. तो बोलला. सोपानबद्दल, आरशाबद्दल, झेंड्याबद्दल. मग जागतिक अध्यक्ष व्यासपीठावरून खाली उतरून त्याच्याजवळ आले, त्याला मिठी मारली आणि माइकवर म्हणाले की भारतातल्या डोंगरांतून आज आपल्या खेळाची सदसद्विवेकबुद्धी इथे बोलली. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मधुकरही उभा राहिला. चारचौघांत आपला सन्मान झाला की आपणही उभं राहून सभेसाठी टाळ्या वाजवायच्या, ही देहूरोडची रीत. त्याने डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच अध्यक्ष म्हणाले, या भावना लक्षात घेऊन हा विषय मी एका उच्चस्तरीय समितीकडे सोपवतो, श्री. ओव्हाळ तिचे मानद अध्यक्ष असतील... आणि टाळ्या थांबल्यावर जाहीर केलं, सर्वानुमते संमत. त्या सभागृहात ठराव टाळ्यांनी मंजूर होतात. विरोध असेल त्याने बसून राहायचं आणि हात वर करायचा. हे मधुकरला माहीत होतं, नियमावली त्याला तोंडपाठ होती. पण मिठी मारल्यावर माणूस नियमावली बघत नाही. स्वतःचाच ठराव त्याने उभं राहून, टाळ्या वाजवून पुरून टाकला.

समितीची बैठक एकदाच झाली. तीत समितीचं बोधचिन्ह ठरलं.

लोहगडवाडीला तो परत गेला. न जाताही चाललं असतं, पण गेला. हिराबाईने चहा ठेवला.

"मंग आता गाडी कोन सोडनार, भाऊ?"

"आयोजकच."

"आन तुमी येवढं लांब जाऊन तितं काय केलं?"

मधुकर म्हणाला, "टाळ्या वाजवल्या."

तिने पातेलं उतरवलं. चहा पुढे ठेवला. गुळाचा होता, लय गोड, असं तो मला म्हणाला. हा लष्करी शिस्तीचा माणूस 'लय' म्हणाला तेव्हा मला त्याच्याकडे बघवलं नाही.

त्यानंतर त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. नातीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नाही, पुतण्याच्या सत्कारात नाही, देहूरोडच्या ज्या मंडपात त्याने उभा जन्म लोकांना कधी उठायचं ते शिकवलं, तिथेही नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसायचा. लोकांना वाटायचं, परदेशात जाऊन आला, शिष्ट झाला. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "अरे, नात नाचतेय, ठराव नाही मांडत." तो म्हणाला, "तिला घरी गेल्यावर सांगेन ना... तोंडाने." समितीचा राजीनामा त्याने दिला होता. संघटनेने तो स्वीकारला नाही, नाकारलाही नाही. पत्राच्या डोक्यावर त्याचं नाव मानद म्हणून तसंच राहिलं. पाहुण्यांना दाखवायला बरं असतं ते, मावळातल्या रॅलीच्या मंडपातल्या शिवरायांच्या तसबिरीसारखं. त्या रॅलीवर मात्र त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. रॅली दर वर्षी भरत राहिली, आणि सोडणारे हात तेच राहिले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरी साधेपणाने झाला. संघटनेने काही दिवसांनी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात वेगळी शोकसभा घेतली. गार हवेचं सभागृह, मधुकरचा तोच ब्लेझरमधला फोटो माणसाहून मोठा. आयोजक-अध्यक्ष अजून तेच, फक्त केस नव्याने काळे. ते गहिवरले. ओव्हाळसाहेब माझे थोरले बंधू होते, असं म्हणाले. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि जाहीर केलं की यंदापासून मावळ रॅलीत उत्कृष्ट सुरक्षा व्यवस्थेसाठी मधुकर ओव्हाळ स्मृती पुरस्कार देण्यात येईल. सुरक्षा व्यवस्था आयोजकांची असते. म्हणजे पुरस्कार कुणी घ्यायचा हेही ठरलेलं होतं. "हा ठराव आपण टाळ्यांच्या गजरात मंजूर करू या," ते म्हणाले, आणि गजर सुरू झाला.

पहिल्या रांगेत शालनवहिनी बसल्या होत्या. हात गुडघ्यांवर, पालथे. त्या बसूनच राहिल्या आणि त्यांनी उजवा हात वर केला. टाळ्या विरळ होत थांबल्या.

"काय हवंय का वहिनी? पाणी?"

"माझा विरोध आहे. मोजा."

अध्यक्ष हसले. अशा प्रसंगी हसण्याची एक खास पद्धत असते, ती त्यांना येते. "वहिनी, भावना समजू शकतो. पण शोकसभेत मतदान नसतं."

"मग ठराव कसा असतो?"

मागच्या रांगेतून आवाज आला, "माजा बी इरोध हाये." हिराबाईचा हात वर होता. मीही वर केला. मी मागे वळून बघितलं. भिंतीला टेकून मार्शल मंडळी उभी होती, मधुकरने आरशात बघून बघून तयार केलेली. त्यातल्या दोघांचे हात अर्ध्यावर आले आणि डोकं खाजवून खाली गेले. बाकीचे फरशी बघत होते. रॅली तोंडावर आलीय, टोपी आणि जेवणाचं पाकीट पुन्हा मिळायचंय. मी त्यांना दोष देत नाही... खरं सांगायचं तर देतो. पुढच्या वळणावर तेच उभे असणार आहेत.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, पुरस्काराची घोषणा टाळ्यांच्या गजरात. ते खोटंही नाही.

परवा वहिनींचा फोन आला. जीप उभी राहून राहून बॅटरी उतरेल, एक चक्कर मारून आणता का, म्हणाल्या. मी गेलो. दाराच्या मागे त्याचा हिरवा झेंडा गुंडाळून ठेवलेला होता, तसाच. जीपमध्ये बसलो. आरसा त्याच्या उंचीला लावलेला होता, मला त्यात नीट दिसेना, पण तो हलवावासा वाटला नाही. मान ताणून बघितलं. मागे फाटक उघडं होतं, पलीकडे रिकामा रस्ता, आणि फाटकाशी, त्यांच्या नेहमीच्या जागी, शालनवहिनी. रस्त्याकडे नाही, त्या जीपकडे बघत होत्या. हात खाली होते.

मी किल्लीवरचा हात काढला आणि बसून राहिलो.