सेवा मंडळाची खाट आणि डोमाभाऊ

आजाऱ्याच्या खाटेशेजारून चालताना डोमाभाऊ शिंपी जे जे बोलायचे, ते मी लिहून ठेवलं असतं तर आज माझ्यापाशी त्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक घराचा इतिहास असता. त्यातला निम्मा त्यांनी वाटेतच रचलेला असता, ही गोष्ट वेगळी. त्यांच्या हातात उघडी छत्री असायची, पण ती स्वतःसाठी नव्हे, खाटेवरच्या माणसासाठी. डोमाभाऊंची उंची बेताची. छत्री उंच राहावी म्हणून ते टाचा उचलून चालत आणि दर दहा पावलांना तिची एक काडी खाट खांद्यावर घेतलेल्या माझ्या कानात जाई. मी कळवळलो की म्हणत, "मान तिकडं करा, मास्तर. खांदा नका हलवू."

मी मूळचा वर्ध्याकडचा. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या आजच्या चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. त्या जिल्ह्यातल्या सावली गावापासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात मी मास्तर म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच आठवड्यात सदऱ्याचं माप द्यायला डोमाभाऊंच्या ओट्यावर चढलो. त्यांनी माझ्या खांद्यावर टेप धरली, मग टेप बाजूला ठेवून खांदा हातानेच दाबून पाहिला. "खांदा चांगला हाय. मंडळात या," म्हणाले. भजनी मंडळ असेल म्हणून मी लगेच हो म्हणालो. सदरा पुढे दोन महिन्यांनी मिळाला, मंडळात मात्र त्याच संध्याकाळी भरती झालो.

सेवा मंडळ म्हणजे आम्ही पाच जण. डोमाभाऊ, मी, पोस्टमन आणि शेजारच्या वाडीतले दोघे शेतकरी भाऊ. उन्हाळ्यात आम्ही गावची विहीर उपसायचो, पावसाळ्यात तिच्यात लाल औषध टाकायचो, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटकाला आलेल्या पाहुण्यांना पाणी पाजायचो. एका वर्षी औषधाचा हात जरा सैल सुटला आणि गावाने चार दिवस गुलाबी भात खाल्ला. डोमाभाऊ घरोघर सांगत फिरले, "रंग पाहून घाबरू नका. पोटातले किडे घाबरून राह्यले, तुम्ही काऊन घाबरता?" मंडळाचं काहीही चुकलं तरी ते चुकणंच कसं उपयोगाचं आहे, हे पटवून देण्याची त्यांना हौस होती.

पण मंडळाचं खरं काम होतं खाटेचं. आषाढात धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, पाण्याने भरली की बैलगाडीची वाट बंद होई, ती थेट दिवाळीपर्यंत. दवाखाना सावलीला. तोवर माणूस आजारी पडला तर बहुधा घरीच पडून राही, आणि बरा झाला तर आपल्या नशिबाने होई. डोमाभाऊंनी एक जुनी खाट मागून आणली, तिला दोन बांबू बांधले आणि दुकानात उरलेल्या चिंध्यांच्या पट्ट्या शिवून ती विणली. गावातल्या निम्म्या बायकांच्या झंपरांचे तुकडे त्या खाटेत होते. तापाने फणफणलेली बाईसुद्धा खाटेवर पडल्या पडल्या आपलं कापड ओळखायची आणि डोमाभाऊंना विचारायची, "भाऊ, कापड उरलं नाई म्हनत होते ना तुम्ही?"

पहिल्या खेपेला आम्ही एका म्हाताऱ्या पाटलांना नेलं. चौघांचे चार खांदे, वर खाट, खाटेवर डोळे मिटून पडलेला माणूस, आणि डोक्यावर ऊन लागू नये म्हणून पांढरं धोतर पांघरलेलं. व्हायचं तेच झालं. वाटेतल्या शेतांतले लोक रोवणी थांबवून हात जोडून उभे राहिले. पाटलांच्या बहिणीचं गाव वाटेवरच होतं. तिथल्या बायकांनी आम्हाला लांबून पाहून जो हंबरडा फोडला, तो ऐकून पाटील धोतर फेकून उठून बसले आणि त्यांनी बहिणीला सगळ्या गावासमोर शिव्या घातल्या. पण तोवर घाईच्या स्वभावाच्या भाच्याने तलावावर जाऊन डोई भादरून घेतलीच होती. पाटील आठ दिवसांनी ठणठणीत होऊन परतले, आणि भाचा पुढचे दोन महिने टोपी घालून हिंडला.

आम्हा चौघांची त्या दिवशी मान वर होईना. डोमाभाऊंनी मात्र बैठक बोलावली. खाटेसोबत यापुढे पाचवा माणूस असेल आणि आजाऱ्यावर उघडी छत्री असेल, असं ठरलं. पाचव्याचं काम एकच, सारखं बोलायचं आणि आजाऱ्याकडून उत्तर काढायचं. "मुडद्याले गोष्टी सांगते का कोणी?" डोमाभाऊ म्हणाले. "लोकाइले लांबूनच समजलं पाह्यजे का हा जित्ता हाय." खांदा द्यायला उंची कमी पडत असल्यामुळे पाचवा माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता. मला तर वाटतं, बोलायची ही जागा त्यांनी आधीच हेरून ठेवली होती.

डोमाभाऊ आज नाहीत. माझी बदली झाल्यावर चार-पाच वर्षांनी पोस्टमनचं पत्र आलं, त्यात दोन ओळींत ते लिहिलेलं होतं. पत्र वाचून मी खूप रडलो. रडताना त्यांच्या इतक्या बडबडीतली जी एक गोष्ट आठवत राहिली, ती इथे सांगतो.

श्रावणातली सकाळ होती. नाल्यापलीकडच्या गावाहून निरोप आला की राधाबाईंची धाकटी सून सुगंधा दोन दिवसांपासून अडली आहे. आम्ही खाट घेऊन पोहोचलो. सुईण दारातच म्हणाली, "माझ्या हातातलं नाई राह्यलं. आज दिवस बुडायच्या आत दवाखान्यात न्या." आणि राधाबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. मागच्या वर्षी त्यांचा थोरला मुलगा तापाने गेला होता. "ह्याच दारातून माझा एक चौघाइच्या खांद्यावर गेला," त्या म्हणाल्या. "सून जानार नाई. मरन असन तं घरातच येऊ दे." सुगंधाचा नवरा भिंतीला टेकून खाली पाहत होता. आतून तिच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

मला वाटलं, आता डोमाभाऊ आपली गोष्टींची पोतडी उघडतील. मी स्वतः तर भांडायला तोंड उघडलंच होतं. त्यांनी माझा दंड दाबला आणि अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसे म्हणाले, "नका पाठवू, बाई. पन मी इतक्या दूर आलो, तं खाट एकडाव पाहून द्या. शिवली मीच हाय, पन शिंप्याचं काम शिंप्याले चांगलंच दिसते. तुम्ही बसून सांगा, पट्टी कच्ची हाय का पक्की."

राधाबाई संसारी बाई. कुठलीही वस्तू दाबून पाहिल्याशिवाय न घेणाऱ्या. त्यांनी आधी हाताने पट्टी ओढली, मग बसल्या. "चला गा," डोमाभाऊ म्हणाले, आणि आम्ही चौघांनी उचललं.

"काय करून राह्यले? खाली ठेवा!" राधाबाई ओरडल्या. डोमाभाऊ छत्री उघडून शेजारून चालू लागले. मारुतीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. गल्लीतली प्रत्येक बाई दारात आली. "राधाबाई, कुठी चालल्या वो?" "कुठी नाई, ह्या शिंप्याले येड लागलं!" राधाबाई प्रत्येकीला वरून उत्तर देत होत्या. तिसऱ्या घराशी त्यांचा आवाज खाली आला, मारुतीपाशी त्यांनी बसल्या बसल्या हात जोडले. मी मात्र आतून जळत होतो. तिकडे एक पोरगी मरणाला टेकली आहे आणि हा माणूस सासूला वरातीत मिरवतो आहे, असं वाटून डोमाभाऊंचा मला त्या क्षणी भयंकर राग आला होता.

आम्ही दाराशी खाट टेकवली. राधाबाई आपल्या पायांनी उतरल्या. उंबऱ्याकडे पाहत क्षणभर उभ्या राहिल्या. "आली ना मी वापस," त्या हळूच म्हणाल्या. मग मुलाकडे वळून एकदम खेकसल्या, "पाहत काय उभा हायेस? उचल तिले!"

तीन कोस आम्ही बांध्यांच्या चिखलातून जवळजवळ पळालो. डोमाभाऊ सुगंधाशी बोलत होते आणि ती हूं हूं करत होती. अर्ध्या वाटेवर तिचं हूं थांबलं. डोमाभाऊंनी तिच्या माहेराची चौकशी केली, लग्नातल्या लुगड्याचा रंग विचारला. उत्तर नाही. मग ते मोठ्याने मला म्हणाले, "मास्तर, हिच्या माहेरचा तांदूळ मी खाल्ला हाय. बैलाले टाकला तं बैल तोंड फिरवते." दहा पावलं गेली. छत्रीखालून बारीक आवाज आला, "तुमच्याच गावचा असन." डोमाभाऊंनी डोळे पुसले आणि तिच्या माहेरच्या तांदळाला दवाखान्याच्या दारापर्यंत नावं ठेवली. दिवेलागणीच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती आणि दोघीही वाचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाबाई चिखलाने माखलेल्या पायांनी दवाखान्यात येऊन पोहोचल्या. त्यांनी नात मांडीवर घेतली, तिला डोळे भरून पाहिलं आणि व्हरांड्यात बसलेल्या डोमाभाऊंना विचारलं, "मी आडवी उभी राह्यली, तं तुम्ही माझ्याशी भांडले काऊन नाई, भाऊ? येवढं बोलता, मले दोन शब्द रागाचे बोलले असते."

डोमाभाऊ म्हणाले, "माझ्याशी लोक भांडले होते, बाई. माझी बायको अशीच अडली होती. चार जन खाट घेऊन आले. माझ्या जित्त्या बायकोले चौघं उचलनार नाई म्हटलं मी. ते जितके भांडले, तितकं मी दार घट्ट धरलं. दुसऱ्या दिवशी तेच चौघं आले. मंग मी दार सोडलं."

माझा कालचा राग मला आठवला आणि मान वर करवेना. राधाबाई उठल्या, डोमाभाऊंच्या समोर जाऊन बसल्या, आणि कपड्यात गुंडाळलेली ती मुलगी राधाबाईंनी त्यांच्या मांडीवर ठेवली. डोमाभाऊंनी हात मागे घेतले.

"धरा," त्या म्हणाल्या. "मी आहो इथी. भेऊ नका."